आत्मारामची म्हैस आणि मी

आमच्या सांगलीत मला लोक ड्रॉइंग मास्तर म्हणतात. आत्मारामला मुंबईत चित्रकार म्हणतात. आम्ही दोघं कोल्हापूरला एकाच वर्गात शिकलो आणि त्याचा हात तेव्हा माझ्याहून कच्चा होता. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत पार्ल्याला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तिथे मी सपत्नीक जाऊन आलो. मुंबई बघून आलेला माणूस जे सांगतो ते मी सांगणार नाही. राणीचा बाग मी पाहिला नाही, म्हातारीचा बूटही पाहिला नाही. मी चित्रं पाहिली आणि जळफळलो. ज्यांना मुंबईला जायला जमत नाही पण एखाद्या मित्रावर मनापासून जळायचं आहे, त्यांना या वर्णनाचा थोडाफार उपयोग होईल.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, बरोबर नेण्यात माझा हेतू सरळ नव्हता. मी तैलरंगात काम करतो. कृष्णेचे घाट, संस्थांचे चेअरमन, निवृत्त होणारे मुख्याध्यापक, असे माझे विषय. चित्र पुरं झालं की मी हात धुतो आणि सुमनला हाक मारतो. ती पदराला हात पुसत येते, बघते, "छान झालंय" म्हणते आणि परत जाते. लग्नापासून हे असंच चाललंय. मला वाटायचं, घरच्याच चित्रांत वावरून तिची नजर मेली असेल. मुंबईचं ते रंगीबेरंगी पोरकट काम एकदा डोळ्यांनी पाहिलं, की आपल्या नवऱ्याच्या हाताला काय वजन आहे ते तिला कळेल. एवढ्यासाठी तिकिटं काढली होती.

पार्ले

प्रवासाचं काही सांगत नाही. बसायला जागा मिळाली आणि भडंगाचा डबा सांडला नाही, एवढं पुरे.

पार्ल्याला उतरलं की हवेला बिस्किटांचा वास येतो. कारखाना जवळच आहे. इथल्या लोकांना म्हणे तो वास येत नाही. आमच्याकडे हळदीच्या पेठेत बसणाऱ्यांना तरी हळदीचा वास कुठे येतो. स्टेशनापासून आत्मारामच्या बिल्डिंगपर्यंत चालत गेलो. वाटेत प्रत्येक फाटकाआड जास्वंद, प्रत्येक खिडकीत पेपर वाचणारं कोणीतरी, आणि चालण्याचा वेग असा की प्रत्येकाची गाडी चुकणार आहे.

आत्माराम दारातच उभा होता. "गजा, सुटलास रे चांगला," म्हणाला. "वहिनी, घालता काय ह्याला?"

तो स्वतः होता तसाच सडसडीत राहिला होता. पहिली ठिणगी इथेच पडली.

लग्न न केल्यामुळे दोन खोल्यांत तो एकटा राहतो. दोन्ही खोल्या आम्हाला देऊन स्वतः गॅलरीत पथारी टाकणार होता. मी आत जाऊन नाकाने अंदाज घेतला. चित्रकाराच्या घराला टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास हवा. त्याच्या घराला काहीच वास नव्हता. मी ते मनातल्या मनात त्याच्या विरुद्ध मांडून ठेवणार, तेवढ्यात सुमन म्हणाली, "किती बरं आहे हो इथे. वास म्हणून नाही." आमच्या घरी तिला तांदळाचा डबा माझ्या खोलीपासून लांब ठेवावा लागतो, नाहीतर भाताला टर्पेंटाइन लागतं. हे ती कधी तक्रारीच्या सुरात बोलली नव्हती. त्या दिवशीही नाही बोलली. नुसता डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

वास नसण्याचं कारण असं की आत्माराम अॅक्रिलिकमध्ये काम करतो. हा नवा रंग आहे. पाण्यात कालवायचा, लावला की बघता बघता वाळतो आणि एकदा वाळला की पाण्यालाही दाद देत नाही. आपल्याकडे तो सहज मिळत नाही. आत्मारामचा मावसभाऊ बोटीवर नोकरीला आहे, तो बाहेरून ट्यूबा आणून देतो. माझा मावसभाऊ मिरजेला तंबोरे विकतो.

संध्याकाळी शेजारच्यांकडे टेलिव्हिजन बघायला गेलो. सांगलीत अजून ती वस्तू आलेली नाही. खोलीत सगळा मजला जमला होता, आणि पडद्यावर एक गृहस्थ भाताच्या रोगांबद्दल बोलत होते. सगळे तल्लीन होऊन ऐकत होते. घरमालकीणबाईंनी आमची ओळख करून दिली, "हे आपल्या आत्मारामचे मित्र." सांगलीत माझी ओळख कोणाचा मित्र म्हणून करून द्यायची वेळ कधी आली नाही.

शाळेचा हॉल

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. दारात चपलांचा ढीग पडलेला. कोणी काढायला सांगितल्या नव्हत्या, पण शाळेच्या हॉलमध्ये शिरताना पार्लेकरांचे पाय आपोआप चपलेबाहेर येतात. इथपर्यंत आमचं नि त्यांचं जुळतं. पुढे सगळंच निराळं.

सांगलीला मी गणपतीत वाचनालयात चित्रं मांडतो. लोक डावीकडून शिरतात, हात मागे बांधून प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरतात, आणि दारात मी उभा असतो तिथे थांबून "वा, सर" म्हणून जातात. इथे कोणी भाजीची पिशवी घेऊन आलेलं, कोणी ऑफिसातून परस्पर आलेलं, आणि सगळे मोठ्यानं बोलत होते. "हे काय गं, मावशीसारखी दिसते ही." "हा तर आपला पोस्टमन." एक पेन्शनर गृहस्थ गुलाबी आकाशासमोर उभे राहून भांडणाच्या सुरात म्हणाले, "आकाश असं कुठे असतं?" शेजारच्या अनोळखी बाई म्हणाल्या, "अहो, काल संध्याकाळी होतं की." मग त्या दोघांचं जुंपलं.

आणि या सगळ्यात आत्माराम कुठे होता, तर बाहेर पायरीवर. कोणाबरोबर तरी बटाटेवडा खात, क्रिकेटवर वाद घालत. प्रदर्शन जणू दुसऱ्याचं होतं आणि हा गर्दी बघायला आलेला. पेन्शनर गृहस्थ तावातावानं बाहेर जाऊन त्याला विचारते झाले, "अहो, आकाश गुलाबी का?" तो म्हणाला, "निळा संपला होता." गृहस्थ इतके खूश झाले की आत येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं. हाच प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी पाऊण तास रंगसिद्धांत समजावला असता, आणि त्यांनी पुन्हा विचारायचं धाडस केलं नसतं.

आता चित्रांविषयी. मी प्रामाणिकपणे सांगतो, वाईट असावीत म्हणून मी फार प्रयत्न केला. एका चित्रात कोळंब्यांचा बँड लग्नाच्या वरातीपुढे वाजवत चालला होता, लाल कोट घालून, आणि मिशा ट्रम्पेटमध्ये अडकत होत्या. एकात नळाला पाणी नाही म्हणून सगळ्या बादल्या जमिनीवर बसून पत्ते खेळत होत्या. पोपटी, केशरी, जांभळा असे रंग शेजारी शेजारी, मध्ये कुठेही राखाडीचा आधार नाही. असं शेजारी शेजारी लावलेलं मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलं असतं तर शेरा मारला असता. इथे ते भांडत नव्हते, एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

सुमन कुठे गेली म्हणून पाहिलं. ती हॉलच्या टोकाला एका मोठ्या चित्रासमोर उभी होती. चष्म्याच्या दुकानात म्हैस आली आहे. जांभळी म्हैस. स्टुलावर बसलीय, डोळ्यांवर पिवळ्या काड्यांचा चष्मा, आणि दुकानदार अदबीनं आरसा धरून उभा. काउंटरवर नापसंत केलेल्या चष्म्यांचा ढीग. बस्स, एवढंच चित्र.

सुमन हसत होती. तोंडाला पदर लावून नाही, उघड. खांदे हलत होते. मी शेजारी गेलो तर म्हणाली, "तिची मान बघा हो. हाही पसंत नाही तिला, पण दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीये."

मी मान पाहिली. खरंच तसं होतं.

इथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. आत्माराम सज्जन आहे आणि माझी बायको त्याहून. मला त्या माणसाचा संशय आला नाही. मला त्या म्हशीचा हेवा वाटला. माझ्या एकाही चेअरमनच्या मानेकडे सुमननं असं पाहिलं नव्हतं. आणि मी मास्तर असल्यामुळे लगेच चूक काढली.

"सावल्या चुकल्यात," मी म्हणालो. "स्टुलाची सावली डावीकडे आणि दुकानदाराची उजवीकडे."

"दोन दिवे असतील दुकानात," सुमन म्हणाली, आणि तिथून हलली नाही.

चित्राच्या खाली लाल टिकली लागली होती, म्हणजे ते विकलं गेलं होतं. जुहूच्या कुठल्याशा हॉटेलवाल्यानं घेतलं म्हणे. माझ्या चेअरमनना टिकली लागत नाही. त्यांना हार लागतो.

जुहू

दुसऱ्या दिवशी जुहूला गेलो. समुद्र मोठा आहे. याहून जास्त मला त्या संध्याकाळी दिसलं नाही.

भेळ खाल्ली. भेळेत ओलाव्याचं प्रमाण फार, आणि चिंचेची चटणी दात आंबवणारी. आमचं भडंग कोरडं, तेलमिठात मुरलेलं, खाताना आवाज करणारं. ही भेळ घाईत खावी लागते, नाहीतर मऊ पडते. इथे सगळंच घाईचं, खाणं, चालणं आणि रंग वाळणंसुद्धा. हा विचार मला बरा सुचला म्हणून मी सुमनला ऐकवला. ती लाटांकडे बघत होती. म्हणाली, "शेवटी कुठला चष्मा घेतला असेल हो तिनं?"

"म्हशीला चष्मा लागत नाही."

"म्हणून तर कुठलाच पसंत पडत नसेल," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

मी माझी भेळ तशीच टाकून दिली.

मढ

आत्माराम काम करतो ते घरात नाही, मढला. वर्सोव्याहून होडीनं खाडी पार करायची. पलीकडे वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, क्रूस, पांढरं चर्च, आणि माडांमधून डोकावणारे बंगले. एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. नायिका रडण्याचा सीन आटोपून खुर्चीत बसून पेरू खात होती.

रोझीबाय म्हणून एक वयस्कर बाई आहेत, त्यांच्या घराचा ओटा आत्मारामनं कामासाठी घेतला आहे. गळ्यात क्रूस, अंगावर काठाचं लुगडं आणि तोंडात मराठी. मला आश्चर्य वाटलं ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "काय मास्तर, आमी इंग्लिश बोलावं असं वाटलं का?" आत्माराम हसला. मी सारवासारव केली.

सुमननं म्हशीचं कौतुक सुरू केल्यावर रोझीबाय म्हणाल्या, "पयली ती गाय होती. मीच सांगलं त्याला, गाय लय शानी दिसते, म्हस कर. लगेच केली बग, माज्यासमोर."

मी आत्मारामकडे पाहिलं. "दुसऱ्याचं ऐकून चित्र बदललंस?"

"बरोबर बोलली ना ती," तो म्हणाला. "गाईला कोणी चष्मा दाखवला तर ती घेऊन टाकेल रे."

सुमन मान डोलवत होती. गाय, म्हैस, मढची बाई, माझी बायको, सगळ्यांचं त्याच्याशी जमत होतं. मी ओट्याच्या कडेला एकटा उभा. तेवढ्यात आत्मारामनं एक कोरा कॅनव्हास पुढे केला. "घे गजा, तू पण कर काहीतरी. समोर खाडी आहे, होड्या आहेत. तुझा विषय."

इथे मी तरारलो. खाडी म्हणजे घाटाचीच बहीण. आता सुमनला दिसेल, असं मनाशी म्हणालो. त्यानं एनॅमलची थाळी दिली, ट्यूबांचं खोकं दिलं, स्वतःचा उत्तम ब्रश दिला. मी पद्धतशीर मांडामांड केली. तैलरंगाच्या माणसाची शिस्त असते. आधी सगळे रंग थाळीच्या कडेनं क्रमानं काढायचे, पांढरा सढळ. मग आकाशाच्या तीन छटा, पाण्याच्या चार छटा, सावल्यांची वेगळी. सगळं तयार झालं की मन स्थिर करायचं आणि मगच कॅनव्हासला हात लावायचा. रंग संध्याकाळपर्यंत लोण्यासारखा राहतो, घाई नसते. मी ते सगळं केलं. थाळी फार देखणी दिसत होती. मी ब्रश पांढऱ्यात बुडवून आडवा ठेवला आणि खाडीकडे डोळे बारीक करून बघत बसलो.

रोझीबायनं जेवायला हाक मारली.

आत्माराम उठता उठता म्हणाला, "गजा, ते रंग आधी—"

"राहू दे," मी म्हणालो. "रंग कसा सांभाळायचा ते मला शिकवू नकोस."

तो हात धुवायला गेला.

जेवण काय सांगू. तळलेले बोंबील, वर कुरकुरीत आणि आत नुसते पाणी. वर्षभराचा मसाला रोझीबाय बाटल्यांमध्ये ठासून ठेवतात, त्याचं लालभडक कालवण. आणि पोळीऐवजी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, तोडले की आत पोकळ. आम्ही कृष्णेचे मासे खाणारे, काट्यांना भिऊन हळूहळू जेवतो. इथे काटाच नाही. मी भरपूर जेवलो, सुमननं मसाल्याची कृती विचारून घेतली, आणि रोझीबाय सांगता सांगता तिच्या ताटात वाढत राहिल्या.

ओट्यावर परत आलो तेव्हा थाळी तशीच देखणी होती. मी ब्रश उचलला. ब्रशबरोबर थाळीही उचलली गेली. पांढऱ्यात रुतलेला ब्रश रंगासकट दगड झाला होता. मी बोटानं निळा दाबला, तो टणक. केशरी टणक. आठ छटा, सगळ्या टणक. पाणी ओतलं, काही नाही. रोझीबायकडून रॉकेल मागितलं, चोळलं, काही नाही. घाटाच्या बहिणीचं आकाश थाळीला चिकटून बसलं होतं.

सुमननं नखानं एक कड उचलली. आकाशाची एक अख्खी छटा पापडीसारखी सुटून तिच्या हातात आली. तिनं ती उजेडात धरली. रोझीबाय वाकून बघत म्हणाल्या, "मास्तर, तळून देऊ का?"

सुमन हसली. म्हशीसमोर हसली होती तशी, खांदे हलवून. रोझीबाय हसल्या. आत्माराम तेवढा हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, माझं पण पहिल्यांदा हेच झालं होतं. तीन ब्रशांची वाट लागली."

म्हणजे यातही तो माझ्या आधी. मी त्याचा हात बाजूला केला आणि होडी कधी सुटते ते विचारलं.

होडीत

आत्माराम मागे राहिला. होडीत आम्ही दोघं आणि माशांच्या टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी. मी सुमनकडे पाठ करून बसलो होतो. खाडीच्या मध्यावर आल्यावर मला राहवेना.

"तुला त्याची चित्रं माझ्याहून आवडली," मी म्हणालो.

"आवडली," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती थोडं तरी सांभाळून घेईल.

"माझ्या चित्रासमोर इतकी वर्षं एक शब्द बोलतेस. छान. त्याच्या म्हशीला मान आहे, मन आहे, दुकानदाराची भीड आहे. माझ्या चित्रात तुला काहीच दिसत नाही?"

सुमननं थोडा वेळ पाण्यात हात बुडवून धरला. मग म्हणाली, "तुम्ही मला चित्र बघायला बोलावता ना, तेव्हा कुठे उभे असता?"

"कुठे म्हणजे? चित्राशेजारी."

"आणि बघता कुठे?"

मी माशांच्या टोपल्यांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे बघता," ती म्हणाली. "डोळे मोठे करून. श्वाससुद्धा घेत नाही. मग मी चित्र बघू की तुम्हाला बघू? छान म्हटलं की तुमचा जीव भांड्यात पडतो. म्हणून मी आल्या आल्या म्हणून टाकते. चित्र बघायचं राहूनच जातं हो."

टोपलीवाल्या कोळणींपैकी एक आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिल्यावर तिनं तोंड फिरवलं. मला पायरीवर बसून वडा खाणारा आत्माराम आठवला, आणि त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका म्हशीमुळेही आला नव्हता.

सांगली

येऊन आता महिना होत आला. भेटायला येणारे विचारतात, मुंबई कशी होती. मी समुद्राचं सांगतो, टेलिव्हिजनचं सांगतो. आत्मारामचं पत्र आलं, हॉटेलवाल्याला आणखी दोन म्हशी हव्या आहेत. मी अभिनंदनाचं उत्तर धाडलं. ते लिहिताना हात जड झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं तैलचित्र पुरं केलं. खुर्चीत बसलेले, पूर्ण उंचीचे, शाळेच्या सभागृहासाठी. परवा दुपारी शेवटचा हात फिरवला, हात धुतले आणि नेहमीसारखी सुमनला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी चित्राशेजारून निघालो, तिच्या बाजूनं दारापाशी गेलो आणि अंगणाकडे तोंड करून उभा राहिलो.

अंगणात काहीच नव्हतं. वाळत घातलेलं एक धोतर होतं, त्याच्याकडे बघत राहिलो. मागून आवाज नाही. मान आपोआप वळायला लागली, ती मी चौकट घट्ट धरून थांबवली. छान म्हण, असं मी मनात म्हणत होतो. एकदा म्हणून टाक.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सरांना मुंग्या आल्यात पायाला. पण तुम्ही हलू नका म्हणून सांगितलंय, म्हणून बसलेत बिचारे."

मी चित्रातला तो पाय डोळ्यासमोर आणला. त्या पायावर मी चार दिवस घालवले होते आणि तो मला कधी पटला नव्हता.

"आणखी काय दिसतं?" मी धोतराला विचारलं.

मग फरशीवरून पाट ओढल्याचा आवाज आला, आणि ती खाली बसली.